लेकीची पळायची वेळ

पळण्याचा सराव कोणत्या वेळी करावा, यावर माझ्या लेकीनं मोबाईलवर इतके व्हिडिओ बघितले की शेवटी ते मलाही पाठ झाले. एक गृहस्थ सांगायचे, पहाटे पळा, हवा थंड असते. दुसरे सांगायचे, संध्याकाळी पळा, तोवर अंग मोकळं झालेलं असतं. तिसऱ्याचं म्हणणं, परीक्षा ज्या वेळी असेल त्याच वेळी पळा. सगळे हिरव्यागार मैदानात उभे राहून बोलायचे. त्या वेळी रस्त्यावर आणखी कोण असतं, हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मला त्यांचा भारी राग यायचा.

लेकीला कर्नाटक पोलिसात जायचं होतं. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती, कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगली येते. भीती होती पळण्याची. ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर पळून झालं नाही की बाकी सगळं मुसळ केरात. त्यात वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती होती. ही गेली की हुमनाबादच्या कापडदुकानात आयुष्यभर साड्यांच्या घड्या घालायच्या, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आमचं गाव मन्नाएखेळ्ळीच्या पुढं, हमरस्ता सोडून आत. फाट्यापासून गावापर्यंतचा डांबरी रस्ता सोडला तर पळण्यासारखी दुसरी जागा नाही. शाळेचं मैदान आहे, पण ते क्रिकेटवाल्यांनी कधीच आपल्या नावावर करून घेतलंय. लेक दुकानातून सुटून बसनं फाट्यावर उतरायची तेव्हा दिवस बुडालेला असायचा. सुरुवातीला ती तिथूनच पळत घरी यायची. पण फाट्यावर धाबा, धाब्यावर लॉऱ्या, आणि लॉऱ्यांच्या आडोशाला प्यायला बसलेली माणसं. "अक्का, कोण पाठीमागं लागलंय का?" असं विचारून ती माणसं खदाखदा हसायची. आठवडाभरात तिनं संध्याकाळ सोडून दिली. दिवसभर दुकान. उरली पहाट.

आमच्याकडची पहाट कशी असायची ते सांगते. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्या वेळी रस्ता बायकांचा असायचा. गावातल्या झाडून सगळ्या बायका टमरेलं घेऊन रस्त्याच्या कडेला परसाकडं बसलेल्या. गाडीचा उजेड आला की सगळ्या उठून उभ्या राहायच्या, उजेड गेला की पुन्हा खाली बसायच्या. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मीही त्यांच्यातलीच. पोटात कळ आलेली असताना परक्या उजेडासाठी उभं राहणं काय असतं, हे कुठल्या पुरुषाला समजावून सांगता येत नाही. मी प्रयत्न केलाय.

लेक पळायला लागली तेव्हा पहिल्या दिवशी एकदोघी दचकून उठल्या. "कोण हाय गं?" "टीचरची पोरगी हाय, बस खाली." मी अंगणवाडीत शिकवते म्हणून गावाला टीचर. मग तिच्यासाठी कोणी उठेना. उलट बसल्या जागेवरून चौकशा सुरू झाल्या. "कामून पळायलीस गं एवढं? कोण मारायलंय?" "पोलीस व्हायचंय तिला." "व्हय? मंग पळ माय. पुढं बघून पळ, म्होरं खड्डा हाय." लेक हसत हसत पुढं जायची. मी अंगणात बसून कान देऊन ऐकायची. बायकांचं बोलणं कुठून येतंय त्यावरून ती कुठवर पोचली ते मला घरबसल्या कळायचं. घाण होती, लाज होती, सगळं कबूल. पण त्या रस्त्यावर माझ्या पोरीच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. ती फाट्यापर्यंत जाऊन परत यायची आणि तिचा वेळ हळूहळू कमी होत चालला होता.

तो रस्ता रिकामा केला तो मीच.

गावात संडास बांधून झाले होते, पण कुणाच्या संडासात गोवऱ्या, कुणाच्यात शेळी. पाणीच नव्हतं तर वापरणार काय? मग नळाला पाणी आलं, आणि आम्हा अंगणवाडीच्या बायकांना मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की आता लोकांच्या मागं लागा. मी लागले. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, त्याचा तिथं उपयोग झाला. "सुनेला रस्त्यावर बसवता, लाज नाही वाटत?" असं सासऱ्यांना तोंडावर विचारलं. वेशीजवळच्या मोठ्या घरांत विचारलं तसं आमच्या वस्तीत विहाराच्या पायरीवर बसणाऱ्यांनाही विचारलं. एकेक घर वळत गेलं. आमच्याच घरी पाणी आलं तेव्हा मी संडासात जाऊन आतून कडी लावली आणि तिथंच उभी राहून रडले. एवढी वर्षं झाली, दार लावून घेणं मला पहिल्यांदा मिळत होतं. त्या रडण्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

एक दिवस लेक पळून आली आणि म्हणाली, "मम्मी, आज वाटेत कुणीच न्हवतं."

"बरं झालं की," मी खुशीत म्हणाले.

ती बुटाच्या नाड्या सोडत बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक मोटारसायकल आली. दिवा बंद करून, लेकीच्या चालीनं, तिच्या मागं मागं. चालवणारा काही बोलला नाही, पुढंही गेला नाही. गावातले दिवे दिसायला लागले तसा माघारी वळला. लेकीचे वडील हुमनाबादच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात, ते उजाडल्यावर घरी आले. "काय केलं त्यानं?" त्यांनी विचारलं. "काहीच न्हाई," लेक म्हणाली. तक्रार करायची तर काय सांगायचं? कुणीतरी गाडी हळू चालवली म्हणून? काही झालं नव्हतं हे खरंच होतं. फक्त त्या दिवसापासून लेकीला एक सवय लागली. थोडं पळालं की मान मागं वळायची.

वडलांची पाळी बदलेना. मी तिच्या मागं पळून बघितलं, पहिल्या पुलापर्यंत जाऊन धाप लागली. मग मी पुलावर बॅटरी घेऊन उभी राहायला लागले. बॅटरीचा उजेड जाईल तेवढाच रस्ता तिचा. तेवढ्यात पळून होतंय काय?

शेवटी मी निर्लज्ज होऊन बायकांकडे गेले. महिनाभर पहाटे येऊन नुसतं रस्त्यावर बसा म्हणाले. एकजण फिस्सकन हसली. "टीचर, बाहेर बसणं लाजेचं असं तुम्हीच म्हणलाव ना?" दुसरी म्हणाली, "घरात संडास असून कुठं जायलीस, असं मालक विचारतेत. काय सांगू?" त्यांचं एक अक्षर खोटं नव्हतं. तरी दोघीतिघी आल्या, पुलावर बसून गप्पा मारल्या, आणि हळूहळू यायच्या बंद झाल्या. पहाटेची झोप त्यांनाही जन्मात पहिल्यांदाच मिळत होती. ती मोडा असं कुठल्या तोंडानं सांगणार?

एक म्हातारी अक्का तेवढी येत राहिली. कपाळभर विभूती, गुडघे कामातून गेलेले. "आत दम कोंडायलाय माझा," असं घरी सांगून ती निघायची आणि फाट्याकडच्या पुलावर रिकामं टमरेल शेजारी ठेवून बसायची. एका पुलावर मी, दुसऱ्यावर अक्का, आणि मध्ये लेक. लेक जवळ आली की अक्का ओरडायची, "पुढं बघ गं, मागं मी हाय." ते दिवस मला फार बरे गेले.

मग अक्काच्या मुलानं मला अंगणवाडीच्या दारात गाठलं. "टीचर, आमच्या घरचा संडास बंद हाय का म्हणून लोक विचारायलेत. आन् अंधारात म्हातारी पडली तर?" तो आवाज चढवून बोलला नाही, उलट हात जोडले. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून अक्का आली नाही. मला सगळ्यांचं पटत होतं आणि माझ्या पोरीला मात्र दिवसातली एक वेळ मिळत नव्हती. असली चीड येते तेव्हा भांडायला समोर कोणीतरी लागतं. कोणीच नव्हतं.

परीक्षेपर्यंतचे उरलेले दिवस लेक अंगणवाडीच्या कंपाउंडच्या आत पळाली. पाळणाघराएवढी जागा. पाय सुटायच्या आत भिंत यायची की वळायचं, पुन्हा भिंत. घाण्याला जुंपल्यासारखी फिरायची बिचारी, आणि मी फाटक लावून पायरीवर बसायची.

परीक्षा गुलबर्ग्याला होती. सकाळचं लख्ख ऊन, मैदानाच्या आत-बाहेर पोलीसच पोलीस. यापेक्षा बिनधोक जागा पोरीला जन्मात मिळाली नसेल. मी जाळीबाहेर उभी होते. शिट्टी झाली आणि लेक सुरेख निघाली. वळणावर तिच्या पुढं दोघीच होत्या. आता मध्ये भिंत नव्हती, सरळ रस्ता होता, आणि ती असा लांब पाय टाकत होती की मी जाळी घट्ट धरून हसायलाच लागले.

आणि तिनं मागं वळून बघितलं.

"पुढं बघ!" मी ओरडले. थोडं अंतर गेल्यावर तिची मान पुन्हा वळली. मी पुन्हा ओरडले, पहाटे रस्त्यावरच्या बायका ओरडायच्या तशी, पण एवढ्या लांब माझा आवाज कसला पोचतोय? प्रत्येक वळून बघण्यात तिचा वेग थोडा थोडा जात होता. अगदी थोडक्यासाठी वेळ चुकली आणि भरती हातची गेली.

बाहेर आल्यावर मी तिला पाणी दिलं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझं तोंड. "मागं कामून बघायलीस गं? मागं पोरीच होत्या की."

"माहीत हाय मम्मी," ती म्हणाली. "मान आपोआप जायली."

परतीची बस फाट्यावर पोचली तेव्हा अजून उजेड होता. आम्ही गावाकडं चालायला लागलो. मी म्हणाले, तू पुढं चल, मागं मी आहे. ती पुढं झाली. गाव येईपर्यंत तिनं तरीही कितीदा तरी मागं वळून बघितलं.