प्रभुभोजनाचे दोन ट्रे

माझ्याच तोंडून गेलेल्या एका वाक्यानं आमच्या चर्चमध्ये घाण झाली, म्हणून ती मीच सांगते.

मी नर्स. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बरीच राळेगावला. रिटायर झाले अन् आमच्या छोट्या चर्चमधली प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांना पाव अन् रस देतात, त्याचं काम. आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळायच्या, पातळ फडक्यातून रस गाळायचा, पावाचे तुकडे करायचे, अन् उपासना झाली की भांडी धुवायची. आमच्यात पहिल्यापासून एकच पेला होता, जर्मन सिल्व्हरचा. एकानं प्यायचं अन् शेजारच्याच्या हातात द्यायचा, अशी पद्धत. करोना आला तेव्हा पाळकसाहेबांनी मला विचारलं, "सिस्टर, एका पेल्यातून सगळ्यांनी घेणं बरं हाय का?" मी म्हणलं, उष्टं टाळलेलं बरं. नर्सबाई दुसरं काय सांगणार? लगेच नागपूरहून बोटभर उंचीचे काचेचे पेले आले, भोकाभोकांच्या ट्रेमध्ये बसणारे. जुना पेला कपाटात गेला.

पुढं करोना गेला. मग जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, तीन घरं बाप्तिस्मा घेऊन आमच्यात यायला लागली. त्यांना घेऊन यायची एक म्हातारी, तिच्याच शब्दावर ती घरं आली होती. काच पुरत नाही म्हणून प्लास्टिकचे पेले आणले अन् त्यांचा दुसरा ट्रे झाला. काचेचा समोरच्या बाकांवर फिरायचा, प्लास्टिकचा मागच्या. मला वाटायचं, मंडळी वाढली, ट्रे वाढला, चांगलंच झालं. डोळे असून आंधळी मी!

एका रविवारी मागच्या खोलीत पेले धूत होते. महिला मंडळाची अध्यक्षीण पुसायला आली होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लहानपणापासूनची ओळख. मी प्लास्टिकचे पेले पाण्यात टाकले तशी ती ओरडलीच, "अवं, ते कायले धुते? फेकून दे. आपल्या काचेत मिसळतीन ना!"

"मिसळले तं काय होते?"

"तुले नाई समजत. तंबाखू खाणारे लोकं ते, आंघोळीचा पत्ता नाई. आपले नातू-पंतू त्याच पेल्यातून घेतेत." अन् वर मलाच म्हणते, "तूच तं म्हणली होती, उष्टं बरं नाई म्हणून."

मी ट्रेकडे पाहिलं. काचेचे आठ-दहा पेले कोरडेच होते, त्यात रससुद्धा ओतावा लागला नव्हता. म्हणजे काच पुरत नव्हती हे खोटं. इतके महिने मी स्वतःच्या हातानं दोन ट्रे भरत होते, अन् कोणता ट्रे कोणाचा ते माझ्याशिवाय सगळ्या चर्चला माहीत होतं.

अन् हे करणारे कोण? हिचा आजा अन् माझा आजा एकाच गावचे. हॉटेलात चहा प्यायला गेले तर त्यांचा कप वळचणीत खोचलेला असायचा. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, परत खोचायचा. ही गोष्ट अध्यक्षीणबाई दरवर्षी साक्ष म्हणून सांगते, डोळ्याला पदर लावून सांगते, की आम्हाला प्रभूनं वळचणीतून उचलून मेजावर बसवलं. मेजावर बसल्याबरोबर पहिलं काम काय केलं, तर दुसऱ्यासाठी वळचण शोधली! थू त्या साक्षीवर.

त्याच दिवशी बाहेर नळाजवळ म्हातारी माझी वाट पाहत थांबली होती. बाकीचे पुढे निघून गेले होते.

"बाई, एक विचारू काय? रागावजो नोको."

"विचार ना, माय."

"समोरच्याईले काचाचा गिलास, आमाले पलास्टिकचा. पोडावरचे लोकं मले हासून राह्यले. म्हणतेत, आपले देव सोडून गेली अन् तेथीबी दाराबाहेरच बसली. तुमच्या देवाच्या घरी दोन पंगती हायत काय?"

तीच पुढं म्हणाली, "पुढच्या बारीले तसंच असन तं मी नाई येत. तीन घरं माह्या भरवशावर आली, त्याईलेबी घेऊन जातो." भांडण नव्हतं तिच्या आवाजात. मी म्हणलं, पुढच्या बारीले एकच पेला राहील, माझा शब्द. बोलून गेले अन् मग ध्यानात आलं, चर्च काही माझ्या बापाचं नव्हतं.

कमिटीत विषय काढला. काय सांगू! नाकानं कांदे सोलणारी माणसं सगळी. एक म्हणे, हा आरोग्याचा प्रश्न हाय. दुसरा म्हणे, त्या लोकांनाच मागं बसायला आवडते. तिसरा म्हणे, सिस्टर, तुम्ही फूट पाडून राह्यल्या. मी फूट पाडते! पाळकसाहेब तरुण माणूस, मनानं वाईट नाही, पण त्याला पाठीचा कणा द्यायचा राहून गेला. त्याच्याच डोक्यामागं भिंतीवर फ्लेक्स लटकत होता, "एकतेचा रविवार", फुगे-बिगे छापलेला. तो म्हणाला, "आपण यावर प्रार्थना करू या." आमच्याकडे प्रार्थना म्हणजे विषयावर ठेवायचं झाकण झालं आहे. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आमेन म्हणलं अन् चहा प्यायला. मी कपाला हात लावला नाही.

म्हणलं, ठीक हाय. कपाटाची किल्ली कोणाकडे? माझ्याकडे.

पहिल्या रविवारी दोन्ही ट्रे कपाटात बंद केले अन् किल्ली घरी ठेवून आले. जुना पेला चिंचेनं घासून चकचकीत केला होता, सगळा रस त्यात ओतला. पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं फडकं उचललं अन् माझ्याकडे पाहत राहिले. मी मंडळीकडे तोंड करून म्हणलं, "उष्ट्याचं मीच सांगितलं होतं. आज मीच माघार घेते. ज्याला चालत नसेल त्यानं नका घेऊ, पण ट्रे निघणार नाही." कोणीतरी मागून "वा रे दादागिरी!" म्हणलं. पाच-सहा जण उठून गेले. पाळकसाहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, पण पेला उचलला. तेवढं श्रेय त्यांना द्यावंच लागेल.

मी मागच्या बाकापाशी गेले, म्हातारीला हाताला धरून मेजासमोरच्या कठड्याशी आणलं अन् तिच्या शेजारी गुडघे टेकले. माझ्या पलीकडे अध्यक्षीण होती. ती गेली नव्हती. पेला पहिल्यांदा म्हातारीला मिळाला. तिनं घोट घेतला अन् माझ्या हातात दिला.

अन् माझा हात थांबला.

कडेवर तिच्या ओठांची ओल होती, तंबाखूचा वास येत होता. तीस वर्षं मी लोकांची ओकारी उचलली, पू पुसला, मेलेल्यांची तोंडं धुतली. अन् तिथं तो पेला ओठाशी नेववेना. जास्त नाही, एखादा क्षण. पण म्हातारीला तेवढा पुरला. तिनं हात पुढे करून माझ्या हातातला पेला हळूच फिरवला अन् म्हणाली, "इकून घे, माय. इकून माह्यं तोंड नाई लागलं."

राग नाही, टोमणा नाही. पोराला गरम चहा फुंकून द्यावा तसं बोलली. महिनाभर मी ज्यांच्या नावानं थुंकत होते त्यांची सगळी घाण माझ्या तोंडात आली. मी पेला परत फिरवला अन् तिच्या ओठांच्या जागेवरूनच प्याले. घशाखाली सहज उतरला असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? मग पेला अध्यक्षीणबाईला दिला. तिनं सगळं पाहिलं होतं. तिचं तोंड रडवेलं झालं होतं. डोळे मिटून तिनंही घेतला.

आता आमच्यात एकच पेला आहे. उठून गेलेल्यांपैकी दोघं सोडून सगळे परत आले. फ्लेक्सही आहे अजून. म्हातारी तिन्ही घरं घेऊन येते अन् माझ्याच शेजारी बसते. घोट घेते, पदरानं कड पुसते, पेला फिरवते अन् मग माझ्या हातात देते. मी दर बारीला सांगते, "नको फिरवू, माय." ती हो म्हणते. पुढच्या महिन्यात पुन्हा फिरवूनच देते.