मागून उघडा कोट

इमामभाई अत्तारांची नि माझी पहिली गाठ भांडणातून पडली. मी तेव्हा सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवीत होतो आणि फावल्या वेळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत होतो. इमामभाईंनी फोटोच्या वेळी मागे लावायला एक पडदा माझ्याकडून करून घेतला: राजवाड्याचा जिना, दोन्ही अंगांना फुलांच्या कुंड्या. तो त्यांनी घरासमोर उन्हात पसरला, कमरेवर हात ठेवून निरखला आणि म्हणाले, "मास्तर, माझ्याकडं ऊन डावीकडून येतं, नि तुमच्या कुंडीची सावली पण डावीकडंच पडलीय. जिना खोटा असला तर चालतंय, सावली खोटी नक्को." मी चिडलो, पडदा तिथेच टाकून घरी गेलो, आणि पुढच्या आठवड्यात मुकाट्याने जाऊन सावली बदलून आलो. तेव्हापासून आजवर आमचा स्नेह आहे.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीच्या चिटणीसांनी मजकडे 'दोन गोड पाने' मागितली. गोड लिहिण्याचा माझा विचार नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. इमामभाईंबद्दल मला जो आदर वाटतो तो या गावाबद्दलच्या संतापापासून वेगळा काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला, जमले नाही.

दुकान त्यांनी उशिरा थाटले, आणि थाटल्यावरही बाजार सोडले नाहीत. उमेदीची वर्षे बैलगाडीत गेली. मंद्रूप, करकंब, अक्कलकोटाकडची कानडी बोलणारी गावे, जिथे बाजार भरे तिथे त्यांची राहुटी पडे. सोबत कॅमेरा, फोटोच्या काचांची पेटी, माझा जिना आणि एक काळा अल्पाकाचा, म्हणजे चकचकीत लोकरी कापडाचा कोट. या कोटाची हकीकत नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे रामायण त्याच्यावरून झाले. आपल्याकडे माणूस उघड्या अंगाने राबेल, उघड्या अंगाने जेवेल, पण फोटोत त्याला कोट हवा. कोट नसेल तर फोटो काढून उपयोग काय, अशीच लोकांची समजूत होती आणि अजून आहे. म्हणून प्रत्येक फिरता फोटोवाला एक कोट जवळ बाळगतो. इमामभाईंचा कोट पाठीवर गळ्यापासून खालपर्यंत चिरलेला होता आणि त्याला नाड्या लावल्या होत्या. लठ्ठ पाटील असो की काटकुळा गुराखी, पुढून तो अंगाबरोबर बसे; मागे नाड्या बांधल्या की झाले. वरून तिसरे काळे बटण हरवले होते, त्या जागी त्यांनी तपकिरी बटण टाचले होते. बाजारातल्या म्हाताऱ्यांना हा कोट ते स्वतःच्या हाताने घालीत, पागोटे नीट करीत, "बाबा, हसू नका, पण रडू बी नका" म्हणत आणि काळ्या कापडाआड शिरत. ज्याला कुणी कधी 'बसा' म्हटले नव्हते अशा माणसाला ते खुर्ची पुसून बसवीत, हे मी किती तरी वेळा पाहिले आहे.

महायुद्ध संपून काही वर्षे गेल्यावर आमच्या दक्षिणेकडच्या गावांतून माणसे सिलोनला रबराच्या मळ्यांवर जाऊ लागली. बाजारात भरतीचा मुकादम पान चघळत बसे, आगगाडीने मद्रासेकडे आणि पुढे बोटीने पलीकडे, असा रस्ता तो बोटाने हवेत काढून दाखवी. गेलेल्यांची खबर येत नसे. इमामभाई फिरते, म्हणून त्यांना सगळी माहिती असणार असा बायाबापड्यांचा विश्वास. मंद्रूपच्या शिवव्वा दर बाजारी विचारीत, "चाचा, आमचा सिद्राम कुटं दिसला का?" इमामभाई 'नाही' म्हणत आणि पुढच्या गावी स्वतः चौकशी करीत. मग सोलापुरातून सेवकांचे एक पथक औषधे घेऊन त्या मळ्यांवर निघाले. पथकाला हवा होता कंपाउंडर. इमामभाई दुकानाला कुलूप लावून त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "मला औषधातलं काय कळत न्हाई, पण पेट्या उचलीन," ते म्हणाले. आणि त्यांनी खरोखरच पेट्या उचलल्या, जखमा धुतल्या, संडास साफ केले. कॅमेरा त्यांनी स्वखुशीने नेला होता. घरच्यांना तोंड तरी दिसावे, एवढाच हेतू.

कोटही नेला होता. सवयच ती. फोटोवाला कोटावाचून घराबाहेर पडतो काय?

मजुरांच्या लांबच लांब पत्र्याच्या चाळी असत, त्यांना तिकडे 'लाइन' म्हणतात. तिथल्या अंगणात त्यांना शिवव्वांचा सिद्राम भेटला. लंगोटी, अंगावर रबराच्या चिकाचे डाग, पिंडऱ्यांना जळवांचे व्रण. कॅमेरा पाहताच त्याने हात जोडले. "चाचा, असा उघडा फोटू आईला दावू नगासा. लई जिवाला लावून घेईल. कोट आनलाय न्हवं?" इमामभाईंनी कोट काढला. सिद्रामचे पाहून दुसरा आला, मग तिसरा. मंद्रूप नि आसपासचे जेवढे त्या मळ्यावर होते, तेवढ्यांच्या पाठीवर त्यांनी त्याच नाड्या बांधल्या. त्यात त्यांचे काय चुकले? समोरचा माणूस आईसाठी मागत होता. मीही तेच केले असते.

परत आल्यावर त्यांनी घरोघर जाऊन फोटो वाटले. शिवव्वांनी लेकाच्या फोटोला ओवाळले, इमामभाईंच्या हातावर गूळ ठेवला. त्या दिवशी मी बरोबर होतो आणि मलाही फार बरे वाटले होते.

मुकादमाला तर त्याहून बरे वाटले. "दाखवतो नि परत देतो" म्हणून त्याने घराघरांतून ते फोटो मागून नेले आणि बाजारात आपल्या कापडी पालाला ओळीने टांगले. "बघा, गेले तवा लंगोटी होती. आता कोट!" असा पुकारा. ज्याचा भाऊ तिथे कोटात उभा होता तो इथे थांबणार कशाला? शिवव्वांचा धाकटा मल्लू, नुकते लग्न झालेला, आईला न सांगता मुकादमाच्या करारावर अंगठा उठवून गेला. त्याच्या मागोमाग गल्लीतले आणखी गेले.

शिवव्वा मुकादमाला जाब विचारायला त्या पालाशी गेल्या आणि तिथे त्यांनी ते फोटो पहिल्यांदाच एका ओळीत पाहिले. त्यांना अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. दुसऱ्या दिवशी त्या चालत सोलापुरास आल्या. मी दुकानात पडद्याचा उडालेला रंग भरीत होतो. त्यांनी पालावरून ओढून आणलेला सिद्रामचा फोटो इमामभाईंच्या पुढ्यात आपटला आणि तपकिरी बटणावर बोट ठेवले.

"ह्या समद्यांस्नी मिळून एकच कोट हाय का?"

इमामभाईंनी हातातली काच खाली ठेवली.

"सांगा की! माझ्या लेकाला कोट हाय का न्हाय?"

"न्हाई, शिवव्वा. कोट माझा हाय."

"मग तुमी माझा दुसरा लेक बी नेलासा," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. इमामभाईंनी त्यांना पाणी दिले. 'माझा हेतू चांगला होता' हे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. मी उच्चारणार होतो, त्यांनी मला हातानेच गप्प केले.

पुढच्या बाजारी ते मंद्रूपला गेले. राहुटी ठोकली नाही, पडदा लावला नाही. मुकादमाच्या पालासमोर, त्या टांगलेल्या फोटोंच्या पुढे, उघड्या अंगावर तो कोट चढवून उभे राहिले. लोक जमले. "कसा दिसतो?" त्यांनी विचारले. "झकास!" लोक हसले. मग इमामभाई वळले. नाड्या सुटलेल्या, मागे सगळी पाठ उघडी. तसेच ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तिकडं तुमच्या पोरांचं असं हाय. पुढनं बघू नका, मागनं बघा." बायांनी पुढे होऊन आपापले फोटो ओढून काढले. मुकादमाच्या माणसांनी मग इमामभाईंना धरून बडवले आणि गाडीतला कॅमेरा खडीवर आपटला.

सोलापुरातल्या प्रतिष्ठितांकडे मी तेव्हा दाद मागायला गेलो होतो. एका वकीलसाहेबांनी सांगितले, "फोटोवाल्याने फोटो काढावेत, नसत्या उठाठेवी कशाला?" दुसऱ्या एका गृहस्थांनी मुकादमाच्या बाजूने एक भले थोरले भाषण ऐकवले. हे दोघेही सज्जन आज या गौरव समितीवर आहेत आणि त्यांचे लेख या ग्रंथात माझ्या आधी छापलेले आहेत. त्यांत 'निर्भय' हा शब्द सढळ हाताने वापरलेला आढळेल.

इमामभाईंनी दुकानातला कोट पेटीत घातला तो घातलाच. 'कोट मिळणार नाही' असे ते गिऱ्हाइकांना सांगू लागले आणि गिऱ्हाइके मुकाट्याने दुसऱ्या फोटोवाल्याकडे जाऊ लागली. याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार मी करतो आहे.

नंतर सिलोनात हिवतापाची भयंकर साथ आली. पुन्हा पथक निघाले. या वेळी इमामभाईंबरोबर मीही गेलो. मंद्रूपच्या त्या प्रकारानंतर कुणाच्या तरी जुन्या कॅमेऱ्याची डागडुजी करून ते दुकान चालवीत होते, तोच त्यांनी बरोबर घेतला होता. दिवसभर आम्ही लाइनीतून क्विनाइन वाटीत हिंडत असू. सिद्राम साथीच्या पहिल्याच तडाख्यात गेला होता. मल्लू एका खोलीत गोणपाटावर कुडकुडत होता. पोट वाढलेल्या पानथरीने, म्हणजे प्लीहेने, फुगलेले, हातापायांच्या काड्या. इमामभाईंनी त्याला मांडीवर घेऊन औषध पाजले. ताप उतरल्यावर त्याने डोळे उघडले आणि कॅमेऱ्याकडे पाहून विचारले,

"चाचा, कोट?"

"न्हाई आनला, बाळ."

मल्लूने आपल्या काड्यांसारख्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "बरं केलंसा. हाय तसा काडा. आईला खरं कळू द्या."

तो फोटो इमामभाईंनी काढला. मी कॅमेऱ्याची तिवई धरून ठेवली होती. मळ्याच्या साहेबाशी भांडून भांडून त्यांनी मल्लूला आमच्याबरोबर परत आणला. तो आज मंद्रूपला आहे, जोंधळा करतो. सिद्रामची बातमी शिवव्वांना इमामभाईंनी स्वतः सांगितली. ते त्यांच्या उंबऱ्याशी बसून राहिले आणि शिवव्वांनी "आत या" म्हणेपर्यंत उठले नाहीत.

आता या ग्रंथाकडे वळतो. गेल्या महिन्यात चिटणीसांनी मला छापखान्यातले कच्चे कागद दाखवले. पहिल्याच पानावर कोटातला सिद्राम! खाली मथळा: 'परदेशातील आपले सुखी बांधव'. चिटणीसांना तो इमामभाईंच्या जुन्या काचांत सापडला आणि 'फारच प्रसन्न' वाटला. मल्लूचा फोटो? तो मंगल प्रसंगाला शोभत नाही म्हणून वगळला. मला संताप असा आला की मी ते कागद त्यांच्या टेबलावर भिरकावले. अहो, ज्या फोटोने एका आईचा दुसरा लेक नेला, तो तुम्ही त्याच माणसाच्या गौरवाला छापता? मुकादमाचा पुतण्या आजही बाजारात बसतो. त्याने हे पान फाडून पालाला टांगले तर त्याला आवरायला तुम्ही जाणार आहात का?

मी मंद्रूपला जाऊन शिवव्वांना विचारले. लेकाचा फोटो त्यांनी देवांच्या शेजारी ठेवला आहे. "कोट खोटा हाय, पर तोंड माज्या सिद्रामचंच हाय की," त्या म्हणाल्या. "घरात राहू द्या. पुस्तकात नगं."

तो निरोप ऐकून इमामभाईंनी समितीला कळवले की सिद्राम छापला तर आपण समारंभाला येणार नाही. निमंत्रणे वाटून झाली होती, मंडपही ठरला होता. समिती नरमली. "मग पहिल्या पानावर तुमचाच फोटो द्या," असे म्हणून तिने त्यांच्यासाठी उंची कापडाचा नवा कोट शिवून पाठवला. इमामभाईंनी तो उलटून पाहिला. "मागून उघडा न्हाई," ते मला म्हणाले. "आपल्या कामाचा न्हाई, मास्तर." आणि घडी करून त्यांनी तो परत केला.

मग त्यांनी पेटीतला जुना कोट काढला. अल्पाका विटला होता, तपकिरी बटण जागेवर होते. माझाच जिना मागे लावला, कॅमेरा स्वतः नीट करून दिला, कॅमेऱ्याची कळ दाबायचा रबरी फुगा माझ्या हातात दिला, आणि उघड्या अंगावर कोट चढवून जिन्याकडे तोंड करून उभे राहिले. "नाड्या बांधू का?" मी विचारले. "नक्को," ते म्हणाले. "दाबा."

ग्रंथाच्या आरंभी जो फोटो वाचकांनी पाहिला, तो हा. उत्सवमूर्तीची पाठ छापली म्हणून छापखान्याला कुणी बोल लावू नये. त्या उघड्या पाठीवर मंद्रूपच्या मारहाणीचा वण आहे, नीट पाहिल्यास दिसेल.

साठी उलटली तरी इमामभाईंचे डोळे शाबूत आहेत आणि हातही स्थिर आहे. त्यांना उदंड आयुष्य मिळो, कसलेही दुखणे त्यांच्या वाटेला न जावो, घराघरांत ज्याची त्याची माणसे सुखरूप परतत राहोत. आणि पुढचा समारंभ करायची पाळी आली, तर त्यांनी वळून आमच्याकडे तोंड करावे एवढे तरी काही तोवर या गावाच्या हातून घडो.