निकाली पत्रं

बाबांच्या कॉम्प्युटरला व्हायरसनं इतकं पिडलं की शेवटी मी जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकायचं ठरवलं. मी तेव्हा खराडीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला होते, माहेर वारज्याला. बाबा सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेले.

"रंगरंगोटी काही नको," त्यांनी बजावलं. "पत्रं शाबूत राहिली पाहिजेत."

पत्रं म्हणजे अकोल्याच्या आत्याचे ईमेल. आत्या दिवाळीच्या तोंडावर वारली होती.

मी आधी माझ्या मशीनवर ईमेलचे तीन प्रोग्रॅम तपासले. पहिला दिसायला झकास, पण दोनदा बंद पडला. दुसरा जुनी पत्रं आत घेईचना. तिसरा अगदीच बावळा, पण भरवशाचा. तोच ठरला. बाबांची पत्रं हलवण्याआधी मी ईमेलची कचरापेटी रिकामी केली. नव्या घरात जुना कचरा कशाला न्यायचा? मग उरलेली पत्रं बाजूला उतरवून डिस्क पुसली, लिनक्स टाकलं आणि पत्रं परत आत घेतली. स्वतःवर भलतीच खूश होते मी!

बाबा चष्मा लावून बसले. "आत्याची पत्रं कुठायत?"

"कुठे ठेवली होतीत?"

त्यांनी कचरापेटीच्या चित्रावर बोट ठेवलं. "ही काय, निकाली फायलींत. उत्तर दिलं की प्रकरण निकाली. तीस वर्षं हेच केलं."

"अहो बाबा, ती कचरापेटी आहे!"

"असेल. शिकवताना कुणी सांगितलं?"

शिकवलं मीच होतं. बाबा उठून गॅलरीत गेले. चार टोमणे मारले असते तर बरं वाटलं असतं.

रडकुंडीला येऊन मी त्यांनी पाठवलेली पत्रं उघडली. आणि अगं बाई! प्रत्येक उत्तराखाली आत्याचं मूळ पत्र जसंच्या तसं. मूळ पत्र जोडल्याशिवाय उत्तर धाडायचं नाही, हीसुद्धा कचेरीचीच सवय. 'आपले पत्र मिळाले. मुद्दा पहिला: गुडघा.' सख्ख्या बहिणीला!

"बाबा, या लवकर! सगळी आहेत!"

ते आले, दोन-तीन पत्रं वाचली. "डिग्रीवाल्यांपेक्षा कारकून बरे," म्हणाले. टोमणा आला, माझा जीव भांड्यात पडला.

मग माझं लक्ष आलेल्या पत्रांकडे गेलं. तिथे आत्याचं एकच पत्र होतं, शेवटचं. 'दादा, या दिवाळीला ये. चांगला चार दिवस राहायलाच ये.'

"हे नाही टाकलंत निकालीत?"

"उत्तर कुठे दिलंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.