थंड इंजिनाची फटफट

दुसरा नवीन सेन्सर बसवला आणि व्हॅनने पुन्हा काळा धूर सोडला. व्हॅनच्या मालकीण मंगलताई शेजारीच उभ्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं गॅरेज कर्जतला, भिसेगावात. मंगलताई खालापूरकडच्या. आपल्या जुन्या पेट्रोल व्हॅनमधून त्या गावातल्या सात बायकांना रसायनीच्या एका कंपनीत ने-आण करतात. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. व्हॅन पीयूसीला नापास झाली होती आणि कंपनीच्या ठेकेदाराने बजावलं होतं, सोमवारी सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर दुसरी गाडी लावतो. आज शुक्रवार होता.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेलं इंजिनाचं नाक. बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच त्याचं काम. ऑक्सिजन जास्त दिसला की कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि वाढवतो. जुन्या गाड्यांत हे नाक थकतं. मग गाडी पेट्रोल पिते, चढावर ओढत नाही, धूर ओकते. या व्हॅनचं सगळं तसंच चाललं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेला स्कॅनर सांगत होता पेट्रोल कमी, आणि धूर तर काळाकुट्ट. सेन्सर खोटं बोलतोय, मी ठरवून टाकलं. नवा सेन्सरही तेच बोलला, तेव्हा तो पीसच खराब म्हणून मी दुसरा आणला. तीस वर्षांच्या अनुभवाने माणूस असा हट्टी होतो.

"काका, मी पयल्या दिवशीच बोलली," मंगलताई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी चालू केली का फटफट करती. मग गप बसती."

"जुनी गाडी आहे ताई, करणारच."

"दोन म्हयन्यांपासूनच करती. तुमी उद्या माझ्या दारात या. मी गाडीला हात लावायच्या आधी."

खरं सांगायचं तर शनिवारी सकाळी मी लाजेखातर गेलो. बॉनेट उघडलं, त्यांनी चावी फिरवली. फट फट फट. हात जवळ नेला तर इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव पाइपातून गरम वाफ बोटांवर आली. केसाएवढी चीर होती, सेन्सरच्या अलीकडे. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो; दोन धक्क्यांच्या मधे त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर इमानदारीने तिचाच ऑक्सिजन मोजत होता. तापल्यावर लोखंड फुगतं, चीर दबते, आवाज बंद होतो. थोडी हवा मात्र शिरतच राहते. माझ्याकडे व्हॅन यायची ती खालापूरहून तापूनच. मला ती फटफट ऐकू येणार तरी कशी?

खोपोलीच्या भंगारवाल्याकडे तसाच धड पाइप मिळाला. शनिवारी संध्याकाळी बसवला. रविवारी व्हॅन पीयूसीला पास झाली. सोमवारी सातही बायका वेळेवर कामावर पोचल्या.

मी मंगलताईंची माफी मागितली. दुसरी कोणी असती तर गॅरेजच्या दारात चार माणसांदेखत माझी अब्रू काढली असती, आणि ते चुकीचंही नव्हतं. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा पाजला आणि शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता जुनी गाडी आली की स्कॅनर नंतर. आधी मालकाला स्टूल देतो आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड बंद ठेवतो.