तीन व्होल्टची हाक

आमच्या सासरी हळू बोलणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो, असंच धरून चालतात. माझं माहेर मुरगूडचं, म्हणजे मीही काही कुजबुजणाऱ्या घरातली नव्हे. पण लग्न होऊन कोल्हापुरातल्या गवळ्यांच्या गल्लीत आले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं की घरात भांडण पेटलंय. रात्री भाजी काय करायची एवढंच ते ठरवत होते.

या घरात सगळ्यात मोठा आवाज सासऱ्यांचा. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची. रोज सकाळी, मी तोंडात साडीच्या पिना धरून आरशासमोर उभी असताना, मागच्या गोठ्यातून हाक यायची, "सूनबाई, चहा टाक की गं! कवाधरनं बोंबलालोय!" ही पहिलीच हाक असायची. पहिल्याच हाकेला 'कवाधरनं' कसं, हा प्रश्न मी एकदा विचारला, तर ते म्हणाले, "मनात आधीपासनं बोंबलालतो की." मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. वर्गात साठ पोरं मला घाबरायची, आणि घरी मी पिना तोंडात धरूनच पातेलं चढवायची. मला त्या वाक्याचा मनापासून राग यायचा.

आबांची एक म्हैस होती, मागे वळलेल्या लांब शिंगांची. ती आबांच्या आवाजाशिवाय कुणालाच जुमानत नसे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या, डोक्यावर मोरपिसं. मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढून फटफटत पुढे जातो, हाक मारतो, आणि म्हैस गर्दीतून मान वर करून त्याच्यामागे धावते. माणसांचा लोंढा, फटाके, हलगी, तरी तिला मालकाचाच आवाज ऐकू येतो. ज्याची म्हैस मागे येत नाही त्याला वर्षभर गल्लीत तोंड वर करून फिरता येत नाही.

मग आबांच्या तंबाखूनं आपलं काम केलं. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. ते घरी आले ते गळ्याला पट्टी आणि हातात पाटी घेऊन. पाटीवरही ते ओरडूनच लिहायचे, अक्षरं वीतभर आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. पण म्हशीला वाचता येत नव्हतं. आबा गोठ्यात गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. तिनं मान फिरवली. त्या दिवसापासून ती पान्हाच सोडेना. आमचे हे धार काढायला बसले तर तिनं बादली त्यांच्या डोक्यात घातली.

दुधाचा सगळा व्यवहार सासूबाईंच्या हातात. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्तीनं कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "पाडव्यापतोर बघतो मी. न्हाय पळाली, न्हाय दूध दिलं, तर वडगावच्या बाजारात निऊन इकतो." आमच्याकडे बायकाही 'बघतो'च म्हणतात, आणि म्हटलं की करतात. आबांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. जेवायचं ताट त्यांनी तसंच सरकवलं. मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हा आमच्या ह्यांना आठवलं. आदल्या दिवाळीत त्यांनी नवा मोबाइल घेतला होता, नखाएवढं मेमरी कार्ड असलेला, आणि पाडव्याच्या दिवशी त्यात आबांचा आवाज रेकॉर्ड केला होता. म्हशीला मारलेली ती खास हाक! गल्लीभर आनंद झाला. फक्त ते कार्ड कुठे आहे, एवढंच शोधायचं होतं. ते आत्तीनं जपून ठेवलं होतं. पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून, खव्याची कढई चढते त्या चुलीच्या वरच्या कोनाड्यात, पत्र्याच्या डबीत. वर्षभर ते तिथे भाजत होतं.

कॉम्प्युटरला लावलं तर कार्ड कोरं. म्हणजे तसं कोरं नव्हे, पण कॉम्प्युटर म्हणाला, मला यातलं काही कळत नाही, पुसून टाकू का? आमचे हे 'हो' दाबायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला आणि जे ओरडले ते ऐकून आत्तीनं पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

आता मला घरच्यांना समजावून सांगायचं होतं. या कार्डात अब्जावधी बारीक खोल्या असतात, त्यांत वीज कोंडलेली असते. खोली भरलेली की रिकामी, एवढंच वाचायचं असतं. वाचताना प्रत्येक खोलीला एक ठरावीक व्होल्टेज देऊन बघतात. करंट वाहिला तर रिकामी, अडला तर भरलेली. पण कोंडलेली वीज हळूहळू पाझरते, आणि उष्णतेत तर फारच भराभर. मग भरलेली खोलीसुद्धा रिकाम्यासारखी वागायला लागते. अशा वेळी वाचायचं व्होल्टेज जरा खाली घेऊन पुन्हा विचारायचं. हे मी वर्गात दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी मागचा बाक झोपायचा. घरी कुणी झोपू नये म्हणून मी दुधाचं उदाहरण घेतलं. तिथेच घात झाला.

म्हटलं, "समजा गल्लीतल्या सगळ्या दुधात थोडं थोडं पाणी पडलं. लॅक्टोमीटरच्या जुन्याच रेघेवर मोजलं तर सगळंच पाणी ठरेल. रेघ जरा खाली घेतली तर त्यातलं बरं दूध कुठलं आणि निव्वळ पाणी कुठलं, ते कळेल. तसंच या कार्डाचं करायचं. रेघ खाली घ्यायची."

घरात शांतता पसरली. आमच्या घरात शांतता म्हणजे काहीतरी गंभीर.

"रेघ खाली?" आत्ती म्हणाली. "आपल्या घरात? दूध गटारीत वतलंय आमी, पर रेघ हलवल्याली न्हाय!"

आबांनी पाटी वर केली: पाणी कुणी घातलं!!!

मी म्हटलं, अहो, हे उदाहरण आहे. पण उदाहरण भिंतीपलीकडे गेलं होतं. शेजारचे गवळी दारात येऊन उभे राहिले आणि शपथेवर सांगू लागले की त्यांच्या दुधात पाणी नाही, हवं तर आता मोजा. आत्ती म्हणाली, तुमचं नाव कुणी घेतलंय, चोराच्या मनात चांदणं. त्यावरून जुनी भांडणं निघाली. मी कार्ड मुठीत धरून कोपऱ्यात बसले आणि शिक्षण घेतल्याचा मला पश्चात्ताप झाला. अखेर तडजोड निघाली. रेघ खाली घ्यायची, पण दार लावून, आणि आधी देवापुढं दिवा लावून माफी मागायची. बाहेर कुणी विचारलं तर रेघ जागच्या जागी आहे असं सांगायचं. मी मान्य केलं.

दार लावलं तरी बातमी फुटलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला. आत्तीचा भाऊ इचलकरंजीहून आला होता. त्याची यंत्रमागांची शेड होती, आणि त्याच्या कानावर एवढंच गेलं होतं की भाच्याच्या घरी व्होल्टेज हातात ठेवायचंय. त्यानं शेडमधला कपाटाएवढा सर्व्हो स्टॅबिलायझर काढून आणला होता. चार हमालांनी तो उतरवला, दारालगतच्या सोप्यात ठेवला, आणि आता चपला काढायलाही जागा उरली नाही. आत्तीनं त्याला हळदकुंकू लावलं.

"मशीन कुठाय?" मामा म्हणाले.

मी तळहातावरचं कार्ड दाखवलं. मामांनी चष्मा लावून ते निरखलं.

"ह्येला किती लागत्यात?"

"तीन आणि वर थोडं."

"हजार?"

"तीन व्होल्ट, मामा. नुसते तीन."

मामा स्टॅबिलायझरवर टेकले. त्यांचा चेहरा पडला, मग एकदम उजळला. "असू दे की. जादा आसलं तर काय बिघडतंय? उरलं तर ठेवा घरात." चहा झाला. मामांनी मोठ्या तोऱ्यात खटका ओढला, काटा थरथरत वर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. मामांना तो स्वतःचा अपमान वाटला. ते अंगणात जाऊन वीज मंडळाच्या नावानं जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आता विजेची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा लॅपटॉप होता, कार्ड वाचायचं यंत्र होतं, आणि नॉब फिरवून व्होल्टेज बदलता येईल असं एक छोटं सर्किट मी जुळवलं होतं. त्याला स्वच्छ, न थरथरणारी वीज हवी होती. आबा उठले. बाहेर जाऊन त्यांनी आपल्या मोटरसायकलची बॅटरी सोडवली आणि माझ्यापुढे आणून ठेवली, आणि पाटीवर लिहिलं: घे!!!

वाचनाचं खरं व्होल्टेज चिप आतल्या आत ठरवते, त्याला बाहेरून हात लावता येत नाही. पण कार्डाचा पुरवठाच केसभर कमी केला तर जुन्या कार्डात आतली रेघही थोडी सरकेल, अशी माझी आशा होती. पुस्तकात तसा कुठे दाखला नव्हता. नॉब थोडा फिरवायचा, सगळं कार्ड वाचायचं, काय आलं ते ठेवायचं. पुन्हा थोडा, पुन्हा सगळं. एकच खोली दर वेळी वेगळं उत्तर द्यायची, मग जे उत्तर जास्त वेळा आलं ते खरं मानायचं. फार खाली गेलं की कार्ड बेशुद्ध पडायचं आणि मला पुन्हा वर यावं लागायचं. आबा माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते, नजर नॉबवर. दर वेळी मी तो उलटा फिरवला की आत्ती देवाकडे बघून कानाला हात लावायची. मामा दारात पहारा देत होते.

दुपार कलली तेव्हा एक तुकडा जुळला. फक्त सुरुवातीचा, बाकी सगळा कचरा. मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि वाजवला. आधी बादलीचा आवाज आला. मग खाकरणं. मग आबा, पूर्ण ताकदीनं:

"सूनबाई, चहा टाक की गं! कवाधरनं बोंबलालोय!"

आणि पुढे खरखर. म्हशीला मारायची हाक त्या खरखरीत गेली होती. आमच्या ह्यांनी रेकॉर्डिंग जरा आधीच सुरू केलं होतं. जगात उरलेला आबांचा सगळा आवाज म्हणजे माझ्यावर ओरडलेलं ते एक वाक्य. मला हसू फुटलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. आबा तर लॅपटॉपकडे असे बघत होते, जणू आत कुणी भाऊबंद बसलाय.

तेवढ्यात गोठ्यात धडपड झाली. म्हैस उभी राहिली होती, कान टवकारून, दावं ताणून, घराच्या दिशेनं. मी पुन्हा वाजवलं. ती हंबरली. आमचे हे बादली घेऊन पळाले, आणि चहा टाकायच्या हुकमावर म्हशीनं पान्हा सोडला. तिला शब्दांशी काय करायचं होतं?

पाडव्याला आबांनी मोटरसायकल काढली. मागच्या कॅरियरला भोंगा बांधला, तोही त्याच बॅटरीवर. गर्दीतून आबा निघाले, ताठ मानेनं, तोंड मिटून, आणि मागून सगळ्या कोल्हापूरला ऐकू जाईल असा हुकूम सुटला, "सूनबाई, चहा टाक की गं!" आधी सगळ्यांनी माना वळवून भोंग्याकडे पाहिलं. मग हशा पिकला. मी माडीवरच्या बायकांत उभी होते, सगळ्या माझ्याकडे वळल्या, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मोरपिसं उडवत म्हैस येत होती. दुसऱ्या कुठल्या फटफटीकडे न बघता ती भोंग्याला नाक लावून धावत होती. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं तर खरोखरच ट्रेभर चहा पाठवला. "नाद खुळा, आबा!" पोरं ओरडली. आत्तीनं वडगावचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरी ती हाक दिवसातून दोनदा वाजायची, सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी, आबांच्या खिशातल्या मोबाइलमधून. दर वेळी मी स्वयंपाकघरात दचकून पातेल्याकडे हात न्यायची, आणि मग आठवायचं की हे मला नाही. खरा चहा हवा असला तर आबा येऊन चमच्यानं भांडं वाजवत. उगाच म्हैस उठायला नको म्हणून ते बटण दाबत नसत. स्टॅबिलायझर मात्र सोप्यातच राहिला. मामांनी तो परत नेला नाही आणि आम्हाला हलवता आला नाही. त्यावर आम्ही पेपर ठेवायचो.

म्हैस म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. त्या दिवसापासून मोबाइल खुंटीला लटकत राहिला आणि घर खरंच शांत झालं. आबांनी चमचा वाजवणंही सोडलं. दिलेला चहा पीत, मागत नसत.

मग एका सकाळी मी तोंडात पिना धरून आरशासमोर उभी होते, कॉलेजला उशीर झाला होता, आणि गोठ्यातून बादलीचा आवाज आला, खाकरणं आलं, आणि मग, "सूनबाई, चहा टाक की गं! कवाधरनं बोंबलालोय!"

मी खिडकीतून पाहिलं. रिकाम्या दावणीपाशी आबा बसले होते, हातात मोबाइल, आणि ते गोठ्याकडे नव्हे, घराकडे बघत होते. मी पिना काढून ठेवल्या. आलं किसलं, दूध जास्त घातलं, आणि कप घेऊन स्वतः गेले. त्यांनी एक घोट घेतला, पाटी ओढली आणि लिहिलं: साखर कमी हाय!!!