नगरच्या कॅम्पात खांदेबाजीची हॉकी

देवळाली प्रवऱ्याहून मोटारीने नगरला जाणार असाल तर आधी दंडात जोर आणा. लढाईपायी पेट्रोल नाही, म्हणून आमची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. म्हणजे बहुतेक उतारूच तिला चालवतात. आठ आणे भाडं मोजून आमची अख्खी हॉकी टीम विळदच्या घाटात तिला ढकलत होती. ड्रायव्हर आत बसून विडी ओढत होता.

जायचं कारण पाटील. त्यांच्या पडीक रानात आम्ही हॉकी खेळायचो. यंदा पाण्याची सोय झाली, तसे त्यांना उसाचे डोहाळे लागले. म्हणाले, "कॅम्पातल्या पलटणीशी खेळून या. पाच गोल खाल्ले तर रानात ऊस लावणार. कमी खाल्ले तर रान तुमचं." पाटलांना हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, पण पाचापर्यंत मोजता येतं.

गावात इंग्रजी येणारा मास्तर मी एकटा, म्हणून टीमला मीच शिकवलं. जुन्या बाजारात मला हॉकीचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, कव्हर गेलेलं. चित्रांतलं मैदान पांढरंफेक होतं, तो मी छपाईचा दोष धरला. खेळाडूंच्या बुटांखाली पाती होती, ती चिखलासाठी असावीत. बचावाचे मुख्य डाव दोन. पहिला अंगधक्का : चेंडू सोडा, माणसाच्या छातीत खांदा घाला. दुसरा टोचा : एका हाताने काठी लांबवून चेंडू टोचून काढा. हा दुसरा मला अगदीच किरकोळ वाटला.

आमचा बॅक धोंडिबा म्हणाला, "गुरुजी, बैलाला पराणी टोचल्यावानी हाय ह्यो. मला ह्योच जमंल."

"पराणी शेतात," मी म्हटलं. "इथं पुस्तक."

नगरला पोचल्यावर माळीवाड्यातल्या खानावळीत जेवलो. पाणी मागाल तितकं देतात. पिठल्यातही त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. शहर बघावं म्हणून किल्ल्याकडे वळलो, तर शिपायाने दुरूनच हाकललं. लांबून डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसला, तेवढंच नगरदर्शन.

कॅम्पातलं मैदान मुरमाचं, अंपायर गोरा सार्जंट. आमच्या पोरांनी शिकवल्याबरहुकूम खांदे घातले आणि प्रत्येक खांद्याला शिट्टी वाजली. हाफटाइमपर्यंत चार गोल झाले. सार्जंटने माझ्या हातातलं पुस्तक चाळलं आणि पोट धरून हसला. हे बर्फावरच्या हॉकीचं पुस्तक आहे, म्हणाला. तिथे धक्का चालतो, इथे तो फाउल. मग टोचा? तो चालतो की, म्हणाला.

टीमने विचारलं, साहेब काय म्हणाला? मी सांगितलं, "अंपायर त्यांच्या बाजूचा आहे." एवढं खोटं मी शाळा तपासणीच्या दिवशीही बोललो नव्हतो.

धोंडिबाने मात्र शिट्ट्यांवरून आपलं आपण ओळखलं. दुसऱ्या हाफात तो अंगाला भिडेचना. गुरं बांधाकडे वळवावीत तसा पुढच्याला कडेकडेने नेई आणि ऐन वेळी हात लांबवून चेंडू काढून घेई. पलटणवाले चिडले, पण गोल काही होईना. मैदान वाचलं असं मला वाटायला लागलं.

अगदी शेवटी एक जण एकटाच सुटून आला. धोंडिबा टोच्यासाठी वाकला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "धोंडिबा, खांदा घाल!" त्याने लांबवलेली काठी आवरली आणि खांदा घातला. शिट्टी झाली, पेनल्टी कॉर्नर मिळाला, पाचवा गोल झाला.

"अरे, तुला चांगलं जमत होतं ना? माझं कशाला ऐकलंस?"

"तुमी सांगितलं, गुरुजी," तो म्हणाला. त्याला दुसरं कारण ठाऊकच नव्हतं.

रात्री गावी परतलो. सकाळी पाटलांच्या ओसरीवर हजर झालो. हरलात कसे, त्यांनी विचारलं. मी घसा साफ करेपर्यंत धोंडिबा पुढे झाला. "चूक माजी हाय, पाटील. गुरुजींनी बराबर शिकिवलं हुतं."

मी बोलायला हवं होतं. पाटलांनी चहा पुढे केला, तो मी घेतला.

नगर बघण्यासारखं आहे, जरूर जा. तिथल्या पिठल्याची, मोटारीची, शिपायाची मी यथेच्छ टिंगल केली आहे आणि त्यातला शब्दही मागे घेणार नाही. रानात आता गुडघाभर ऊस आहे. वाटेत गाठ पडली की धोंडिबा अजूनही आधी रामराम घालतो, आणि माझी मान वर होत नाही.