बुध्या बिन लखमा

लाडकीबाई शाळेची घंटा द्यायच्या आणि दोन घंटांच्या मधे व्हरांड्यातल्या बाकावर मोडी गिरवत बसायच्या. वय सत्तावन्न, शिक्षण सातवी, नोकरी शिपायाची. मी त्याच शाळेत, बोईसरला, लिपिक. मुलं हसायची, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही हसलो.

या मोडीमागचं कारण होतं सुनंदा. लाडकीबाईंच्या मेलेल्या भावाची ही मुलगी, त्यांनीच वाढवलेली. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण जात पडताळणीचा दाखला दिवाळीपर्यंत दिला नाही तर जागा जाणार होती. त्यासाठी हवा होता आजा-पणजाच्या काळातला एखादा कागद, नावापुढे 'वारली' लिहिलेला. भाऊ शाळेत गेला नव्हता, बाप गेला नव्हता, आजा तर नाहीच. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत आजाचं नाव शोधायला गेलो तर चार बुध्ये निघाले, आणि त्यातला लखमाचा मुलगा कोणता ते कळेना, कारण एकाच्याही बापाचं नाव लिहिलेलं नाही.

"बुधवारचा जलमला का बुध्या," लाडकीबाई म्हणाल्या. "आमच्यात बुधवारी लय पोरा झाली, भाऊ. त्याला मी काय करू?"

त्यांचा आजा पालघरजवळच्या माहीमला एका बागायती वाडीत राखणीला होता. वाडीच्या जुन्या मालकाने मृत्युपत्रात त्याचं नाव घातलंय, असं बाप सांगायचा. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं माहीमला गेलो. आजचे मालक दिनूकाका, त्या मालकाचे नातू. त्यांनी ओट्यावर बसवलं, चहा दिला.

"तुझा आजा आमच्या आश्रयाला होता," ते म्हणाले. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. कागद आहे कपाटात, झेरॉक्स देतो. फक्त एवढं लिहून दे, की आमच्या वाडीत तुमचा काही हक्क नाही."

मला वाटलं, सुटलो. मी तिथेच खिशातलं पेन काढून तसा मसुदा लिहिला आणि लाडकीबाईंपुढे धरला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"माना सही येते," त्या म्हणाल्या. "येते म्हनूनच जपून करते."

परतताना रिक्षात मी त्यांच्यावर चिडलो. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तुम्हाला कुठे ती वाडी मिळणार आहे, असं बरंच बोललो. त्या बाहेरच्या केळी बघत राहिल्या. पालघर आल्यावर म्हणाल्या, "हक्क नाय असा मी कसा लिहू? काय लिवलाय ता मी अजून वाचलाच नाय."

मृत्युपत्र नोंदवलेलं असेल, तर त्याची नक्कल सरकारी दफ्तरात असणार, हे मला त्यानंतर सुचलं. पालघरला अर्ज केला. पण त्या काळच्या सूच्या मोडीत, आणि मोडी वाचणारा मिळायला महिने लागणार होते. तेव्हा लाडकीबाईंनी मोडीची बाराखडी झेरॉक्स करून आणली आणि बाकावर बसल्या.

"अडीच म्हैने हायत," त्या म्हणाल्या. "पोर येवढ्यात उबी राहाया शिकते."

दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की त्या पालघर गाठायच्या. पहिल्या दोन शनिवारी त्यांना एक ओळ लागली नाही. मग फक्त 'बु' शोधायला लागल्या. 'बु' सापडला की थांबायच्या, पुढचं अक्षर लावायच्या, नसेल तर पान उलटायच्या. तिथल्या कारकूनबाई आधी वैतागल्या, मग स्वतःची खुर्ची द्यायला लागल्या. आठव्या शनिवारी मला फोन आला. "भाऊ, गावला," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

नक्कल मिळाली, एकच पान म्हणून मोडीच्या जाणकाराने तिचं देवनागरी लगेच करून दिलं, मुदतीला चार दिवस असताना सुनंदाचा दाखला हातात पडला. मी पेढे वाटले. वकिलांनाही विचारून पाहिलं. हक्क मागायची वेळ केव्हाच टळली, असं ते म्हणाले. लाडकीबाईंनी मान डोलावली आणि मला म्हणाल्या, "रविवारी माहीमला येशाल ना?"

दिनूकाका ओट्यावरच होते. आम्हाला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आता काय काढलंस?"

"काय नाय काढला. वाचाया आली."

आणि अंगणात उभ्या राहून त्यांनी मोडी नकलेवरून वाचलं, बोट ठेवून, अडखळत. "आमचे वाडीतील राखण्या बुध्या बिन लखमा वारली, याने वाडी आपली समजून राखिली. सबब त्याची राहती जागा व विहिरीजवळील दोन कलमे त्याचे मालकीची. आमचे वारसांनी हरकत घेऊ नये."

विहिरीजवळ आता पर्यटकांच्या खोल्या आहेत. दिनूकाकांनी एकदा तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बरं. मग काय हवंय तुम्हाला?"

"काय नको. फकस्त आजा आश्रयाला होता, असा आता कोनाला सांगू नका."

लाडकीबाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या फाटकाकडे निघाल्या. मी मागून चालत होतो. बरोबरीने चालायची माझी हिंमत झाली नाही.